बोलावतो, थांब

धनराजच्या घरावर फोनचा लोखंडी खांब उभा राहिला त्या दिवशी गावात पेढे वाटले, आणि वर्षभराने त्याच खांबाखाली त्याचा जबडा फुटला. लोक आजकाल फक्त जबड्याचंच सांगतात. मला त्याचा राग येतो, म्हणून मधलं सगळं सांगतो.

मी इसरू. चामोर्शी ते हिवरतळी काळी-पिवळी चालवतो. हिवरतळी म्हणजे जंगलाच्या कडेचं गाव, एक मोठा तलाव, धानाच्या बांध्या आणि तलावाच्या पाळीला लागून आमचा धीवर मोहल्ला. दोन हजार सहापर्यंत तिथे मोबाईलची एकही दांडी येत नव्हती. मग सरकारने योजना काढली आणि गावाला बिनतारी फोन, एक कॉम्प्युटर आणि त्यावर इंटरनेट असं एकदमच दिलं. लाईन मात्र एकच. फोनवर कोणी बोलत असेल तर इंटरनेट बंद, आणि इंटरनेट चालू असेल तर बाहेरून फोन लावणाऱ्याला नुसती टूं टूं. साहेबांनी फीत कापून भाषण केलं की ही सोय सगळ्या गावाची आहे, विहिरीसारखी, रस्त्यासारखी. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना आमच्याकडे तोटा नाही.

पंचायतीचं छप्पर गळत होतं म्हणून सामान तात्पुरतं धनराजच्या घरातल्या दुकानात ठेवलं. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. धनराज धान खरेदी करायचा, घरी ट्रॅक्टर होता, इन्व्हर्टर होता. दिवसातून कितीदा तरी वीज जायची, तेव्हा लाईन चालायची ती त्याच्या बॅटरीवर. हळूहळू गाव म्हणायला लागलं, धनराजचा फोन. धनराजही म्हणायला लागला.

सुरुवातीला वागला बरा. कुणाचा फोन आला की दारात येऊन हाक मारायचा, लांबचा असेल तर निरोप पाठवायचा. मग तलावाचं भांडण निघालं. त्याला उन्हाळी धानासाठी पाणी सोडून हवं होतं. पाणी सोडलं असतं तर आमची मासळी चिखलात तडफडून मेली असती. मोहल्ल्याने नाही म्हटलं. त्यानंतर आमचं कोणी दुकानात गेलं की धनराज मान वर न करता म्हणायचा, "लाईन नाई." मागे त्याचा भाचा कॉम्प्युटरवर गाणी उतरवत बसलेला असायचा. ती गाणी काय तलावातून येत होती?

ग्रामसभेत सोमाजीबुवांनी विषय काढला. सोमाजीबुवा आमच्या मोहल्ल्यातले वडीलधारे. त्यांचे दोन मुलगे, मोठा वारलू आणि धाकटा अजय. वारलूची बायको गिरजा.

"धनराजभाऊ, लाईन गावाची हाये ना? मंग आमालेच काऊन नाई?"

"बॅटरी माही, छप्पर माहं, लाईटचं बिल मीच भरून राह्यलो," धनराज म्हणाला. "माया घरातून कोनाचं जाईल अन् कोनाचं नाई, थे मी पाहीन."

"तलावाची पाळ आमी बांधतो दरसाल. तुह्या बांधीत पानी जाते तवा पाळ इचारते का, तू कोन म्हनून?"

धनराज हसला. ग्रामसेवकाने विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढच्या सभेला कोरम भरला नाही. झालं.

सोमाजीबुवा असं बोलले त्याला कारण होतं, आणि ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात तलावावर मोठं जाळं ओढलं की मासळीचे वाटे घालतात, पळसाच्या पानांवर, शेजारी शेजारी. मग एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा काठी एका वाट्याला लावून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला दिसत नाही वाटा मोठा की लहान, मरळ आहे की नुसती चिल्लर. नाव घेतलं की तो वाटा त्याचा. मग बाकी कोणी त्याला बोट लावायचं नाही, वाकडं असलं तरी नाही. पाठमोरे बसायचे ते सोमाजीबुवा. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याचंही नाव ते त्याच आवाजात घ्यायचे. आमची पोरं हे बघतच मोठी होतात. नाव घेतलं म्हणजे आपलं येणार, ही खात्री त्यांच्या हाडात बसते. अजयच्याही बसली होती, आणि त्यातच तो गेला.

मिरची तोडायला दरवर्षी आमचे लोक आंध्रात जातात. त्या वर्षी मुकादमाने नेहमीपेक्षा जास्त मजुरी कबूल केली आणि मोहल्ल्यातली बरीच माणसं ट्रकमध्ये चढली. वारलू गेला, अजय गेला, भूपेश गेला. संक्रांतीनंतर गेलेली माणसं, शिमगा जवळ आला तरी एक निरोप नाही. गिरजा रोज धनराजच्या दारात जायची. "फोन आलता का जी?" धनराज म्हणायचा, "नाई आला." ती परत यायची. मी म्हणायचो, वहिनी, मिरचीचा हंगाम आहे, वेळ मिळत नसेल. माझ्या शहाणपणाला काय जातं.

मग एका गुरुवारी सकाळी पाळीवर एक अनोळखी जीप थांबली, चादरीत गुंडाळलेलं काही खाली ठेवलं, भूपेशला उतरवलं आणि धूळ उडवत निघून गेली. चादरीत अजय होता. सोमाजीबुवांनी चादर बाजूला केली. गुणाबाई, अजयची आई, एकदाच ओरडली आणि मग तिचा आवाजच गेला. डोक्याची एक बाजू आत बसलेली होती. कानाच्या जागी काळं रक्त साकळलं होतं. तापाने गेला असं सांग, म्हणून भूपेशला बजावून पाठवलं होतं.

भूपेशचा हात कोपरातून मोडलेला. तो पाळीवर बसून बोलायला लागला आणि सगळा मोहल्ला भोवती गोळा झाला.

"मालक सोडून नाई राह्यला जी. गोदामात कोंडते रातच्याले. मजुरी मांगतली त मारते. गुरुवारी बाजारात नेते तांदूळ आनाले, थिथं एक फोनचं दुकान हाये. अजयनं दोनदा फोन लावला इथी. धनराजनं उचलला. अजय म्हने, गिरजावहिनीले बोलवा, आमाले कोंडून ठेवलं. धनराज म्हने, गिरजा का? बोलावतो, थांब. अन् फोन बाजूले ठेवून देल्ला."

"मंग?" गिरजाने विचारलं.

"मंग काई नाई. रेडिओ आयकू येत होता म्हने. पैसे सरले, फोन कटला. दुसऱ्या खेपेले बी तसंच. मी म्हनलं चाल, मालकाचे मानसं पाहून राह्यले. थो म्हने, नाव घेतलं ना त्यायनं, आनतच असतील. कानाले लावून उभाच राह्यला. थितंच धरलं त्याले. फोनच्या डब्यानंच मारलं डोक्स्यात. सहा दिवस गोदामात तसाच पडून होता, काल सांजच्याले गेला."

सोमाजीबुवा उठले, घराच्या वळचणीतून कुऱ्हाड काढली आणि चालू लागले. मग सगळेच उठले. कोणी जाळ्याचे बांबू घेतले, कोणी काठ्या, मी गाडीतली लोखंडी टामी घेतली. फक्त गिरजा भूपेशपाशी थांबली. तिने त्याला एकच विचारलं, "गावाचं नाव काय थ्या?"

"मालूम नाई वहिनी. राती नेलं. पाट्या सगळ्या तेलगू. वारलू म्हने, आज बाजारात गेलो त कोनाले तरी नाव इचारतो अन् फोन लावतो. आजच. दुपारून."

हे ऐकताच ती धावत सुटली. माझ्या शेजारून गेली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. तिचा नवरा अजून तिथेच कोंडलेला होता, तो दुपारी फोन करणार होता, आणि तो फोन जिथे वाजणार होता ते दुकान फोडायला आम्ही सगळे निघालो होतो. ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. राग आला की आमची डोकी अशीच चालतात.

धनराजने आम्हाला बघून दार लावायला घेतलं. पहिला घाव कुऱ्हाडीच्या पाठीचा, सोमाजीबुवांचा. जबड्यावर बसला. लाकूड फुटावं तसा आवाज आला आणि धनराज उंबऱ्यावर कोसळला. त्याला ओढत अंगणात आणला. बांबू सुरू झाले. कोणीतरी त्याचा उजवा हात पायरीवर धरला. "ह्याच हातानं ठेवला ना बे फोन?" म्हणत वर दगड घातला, आणि एकदा घालून थांबला नाही. भाचा मागच्या दाराने पळाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको चंद्रपूरला होती, मुलीकडे. मुलगी आचल तिथे नर्सिंग शिकत होती.

आत काचा फुटल्या. धानाची पोती फाडली. कॉम्प्युटर दारातून भिरकावला, तो धनराजच्या पायावर येऊन पडला. इन्व्हर्टरची बॅटरी फोडली, तिचं पाणी फरशीवर सांडलं आणि अनवाणी पाय भाजले तसे लोक आणखी पिसाळले. एकाने फोनवर बांबू उगारला. तेवढ्यात गिरजा मध्ये घुसली, फोन छातीशी धरून खाली बसली आणि तो बांबू तिच्या पाठीवर बसला. तरी तिने सोडलं नाही.

"हा फोडसान त वारलू मेला," ती म्हणाली. "तुमचेच मानसं थिथं हायेत सगळे. आज फोन येनार हाये. गावाचं नाव सांगनार हाये थो. मंग जा न् कोनालेबी मारा."

बांबूवाला तसाच उभा राहिला. त्याची सख्खी बहीण त्या गोदामात होती. मग तो बाहेर गेला आणि दुप्पट जोराने धनराजला मारायला लागला.

वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती. गिरजाने फोन कानाला लावला, आत काहीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "इसरू, गाडीची बॅटरी काढ."

टामी टाकून मी पळालो. बॅटरी काढून आणली, इन्व्हर्टरच्या तारा सोडवून तिला लावल्या. एकदा ठिणगी उडून बोट भाजलं. मग फोनवरचा हिरवा दिवा लागला. गिरजाने कानाला लावलं आणि मान हलवली. आत टोन वाजत होता. तिने फोन परत जागेवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. बाहेर धनराजचं ओरडणं आता ओरडणं राहिलं नव्हतं. गुरं घशातून काढतात तसा नुसता घरघर आवाज येत होता.

फोन वाजला.

गिरजाने अर्ध्या घंटीतच उचलला. "हालो. बोल. गावाचं नाव सांग आधी." मी तिच्या कानाशी वाकलो. पलीकडून एक मुलगी बोलत होती.

"हॅलो? बाबा नाहीत का? मी आचल."

"थांब," गिरजा म्हणाली. "बोलावते."

तोंडून निघून गेलं ते. गावात कुणीही फोन उचलला तर हेच म्हणतं. पण म्हटल्यावर ती तशीच बसून राहिली, मुठीत फोन दाबून. मी फोनच्या तोंडावर हात ठेवून हळूच म्हटलं, "वहिनी, ठेवा. राँग नंबर म्हना. वारलूभाऊ लावत असंन. लाईन एकच हाये."

"मालूम हाये."

"मंग ठेवा ना."

"बोलावते म्हनलं ना मी आता. धनराजनं राँग नंबर म्हनलं असतं त अजय उभा नसता राह्यला."

मला तिचा असा संताप आला की हातातला फोन हिसकून घ्यावा. नवरा मरणाच्या दाढेत, आणि ही बाई कोणाच्या लेकीला दिलेला शब्द पाळते. पण ती उठली होती. फोन तिने टेबलावर ठेवला, उताणा, आणि बाहेर गेली.

अंगणात सोमाजीबुवांनी बाकीच्यांना बाजूला केलं होतं. धनराज पालथा पडला होता. बुवा त्याच्या मानेपाशी उभे होते आणि या वेळी कुऱ्हाडीचं पातं खाली होतं. ते काय करणार हे सगळ्यांना कळत होतं आणि एकही माणूस नको म्हणत नव्हता. मीही नाही. अजयचं डोकं मी सकाळी पाहिलं होतं.

"धनराज," गिरजाने हाक दिली. वाट्यावर बुवा घेतात तसंच, नुसतं नाव, भाऊ नाही, शिवी नाही. "फोन हाये."

बुवांचे हात वर होते, ते वरच राहिले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "कोनाचा?"

"त्याचा. त्याच्या पोरीचा."

"वारलूचा नाई?"

"नाई, मामाजी."

बुवांचं तोंड वाकडं झालं, लहान मूल रडायच्या आधी करतं तसं. कुऱ्हाड त्यांनी खाली आणली ती जमिनीत रुतवली. मग ते वळले आणि धनराजकडे पाठ करून त्याच जागी खाली बसले. त्यांना तसं बसलेलं आम्ही जन्मभर पाहत आलो होतो. पुढे कोणी बांबू उचलला नाही.

मी आणि गिरजाने धनराजला काखेत धरून आत ओढला. गिरजाने फोन त्याच्या कानाला लावला. जबडा लोंबकळत होता, शब्द फुटत नव्हता. पलीकडून आचलचा आवाज येत होता, बाबा, बाबा, आवाज येत नाही का, आई विचारते रविवारी येता का. धनराजने डावा हात वर करून फोन घट्ट धरला. घशातून काहीतरी हुं हुं काढत राहिला. मुलगी म्हणत होती, लाईन खराब आहे वाटतं बाबा, मी बोलते, तुम्ही ऐका. आणि ती बोलत राहिली. मेसमधलं जेवण, आईचे दुखणारे गुडघे, कुठल्याशा मॅडमची नक्कल.

धनराजने फोन सोडला नाही. मला थोड्या वेळाने उमगलं, तो मुद्दामच सोडत नव्हता. दारात माणसं उभी होती, आणि जोवर तो फोनवर होता तोवर त्याला कोणी हात लावत नव्हतं. मुलीचं बोलणं संपत आलं की तो पुन्हा हुं करायचा आणि ती पुन्हा सुरू व्हायची. तिकडे कुठेतरी बाजारात वारलू नंबर फिरवत असणार आणि त्याला टूं टूं ऐकू येत असणार. गिरजा भिंतीला टेकून उभी होती. तिने स्वतःचा दंड दातात धरला होता, त्यातून रक्त यायला लागलं होतं. मी दोनदा पुढे झालो आणि दोन्ही वेळा तिने मला मागे ढकललं.

शेवटी आचलनेच ठेवला. गिरजाने धनराजच्या बोटांतून फोन सोडवला, पदराने रक्त पुसलं आणि जागेवर ठेवला. ठेवताच वाजला.

"येर्रचेनुपाडू," वारलू म्हणाला. हालो नाही, काही नाही. "गिरजा, येर्रचेनुपाडू. मिरचीचं मोठं गोदाम. थे पाहून राह्यले माह्याकडं, आलेच—"

मग फोन पडल्याचा आवाज. पलीकडचा फोन वायरला लोंबकळत असावा, कारण सगळं ऐकू येत होतं. तेलगूतल्या शिव्या, काहीतरी फुटलं, आणि मग माराचे आवाज, एकावर एक. वारलूचं ओरडणं ओळखू आलं. गिरजाने ते शेवटपर्यंत ऐकलं. कट झाल्यावर फोन ठेवला आणि बाहेर येऊन ते नाव म्हणायला लागली. तिला ते विसरायची भीती वाटत होती. मी बॅटरी गाडीत परत लावली, मागच्या सीटवर धनराजला आडवा टाकला, पुढे गिरजा. चामोर्शीपर्यंत ती दुसरा एक शब्द बोलली नाही. येर्रचेनुपाडू, येर्रचेनुपाडू. मागे धनराज कण्हत होता.

ठाण्यातल्या फौजदाराने ते नाव लिहून घेतलं आणि पलीकडच्या पोलिसांना वायरलेस केला. दुसऱ्या दिवशी गोदामाचं कुलूप तोडलं. आमची सगळी माणसं जिवंत निघाली. वारलूलाही बाहेर काढला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला. फोन त्या कानाला होता आणि काठी तिथेच बसली होती.

सोमाजीबुवा स्वतःहून ठाण्यात गेले आणि चंद्रपूरच्या तुरुंगात बसले. धनराजचा जबडा तारेने शिवला, उजव्या हाताची बोटं परत वळली नाहीत. फोन पंचायतीत गेला, छप्पर अजून गळतं, वर ताडपत्री टाकली आहे. आता कोणाचाही फोन आला तरी बोलावतात. त्यासाठी एवढं सगळं का घडावं लागलं, हे मला कुणी सांगत नाही.

वारलू घरी आल्यावर एका संध्याकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. गिरजा त्याच्या डाव्या बाजूला बसून मासळी साफ करत होती. त्याने एकदम विचारलं, "थ्या दिवशी इतका वेळ कोन बोलून राह्यलं होतं? मी लावू लावू थकलो. लवकर लागला असता त थे यायच्या आधी मी निंगून गेलो असतो."

मी खाली मान घातली. मला वाटलं ती आता काहीतरी खोटं सांगेल, आणि सांगितलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

"धनराज," ती म्हणाली. "त्याच्या पोरीचा फोन होता. मीच बोलावलं त्याले."

वारलू तिच्याकडे पाहत राहिला. अंगणात गुणाबाई अजयचं जाळं वाळत घालत होती, ती थांबली.

"तू थो फोन कापला असता," वारलू म्हणाला, "त माहा कान राह्यला असता."

"हो," गिरजा मासळीवर वाकून हळूच म्हणाली. "राह्यला असता."

पण तो तिच्या तोंडाकडे पाहतच होता, त्याला नीट ऐकूच गेलं नव्हतं. तिने विळा बाजूला ठेवला, हात धुतले, उठून त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन बसली आणि तेच परत सांगितलं.